पोस्टमास्तरांचे चौदा केस

आदरणीय दादा,

धाकट्याचा नमस्कार. (उभ्यानेच घालतोय, वाकलो तर गुडघे परत उठायचं नाव घेत नाहीत.) वहिनींचा खोकला कमी झाला असेल आणि तुझी साखर तुझ्या ताब्यात असेल, निदान तू तिच्या ताब्यात नसशील, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. तुझी आठवण कुणी काढत नाही (काढलीच तर "मोठे असते तर दोन्ही कल्ले सारखे निघाले असते" एवढंच म्हणतात), तेव्हा काळजी नसावी.

पत्र लिहायला कारण की, काल दुकान बंदच्या वारी मी एकटाच टेकडीवर गेलो. तू मुलाकडे राहायला गेल्याला चार महिने झाले, त्यानंतर पहिल्यांदाच. बायको म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात? डोकं ठिकाणावर आहे ना?" ते असतं तर घरी बसून तिने सांगितलेल्या जळमटांच्या मागे लागलो असतो. निघालो. पहिल्याच वळणावर हातातली पिशवी अशी फुगली की मी तिला नेतोय की ती मला, तेच कळेना. चढ जुनाच आहे, पण कुणीतरी मधल्या काळात तो वाढवून ठेवलाय. पूर्वी तू पुढे, मी मागे. पाण्याची बाटली कायम माझ्याकडे आणि पहिला घोट कायम तुझा. (याबद्दल चाळीस वर्षं मी चकार शब्द काढला नाही. आता काढला.) काल बाटलीही माझी आणि पहिला घोटही माझाच. पण दादा, पाण्याला चव नव्हती रे.

वर पोचल्यावर आपली रीत आठवली. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे "हो साहेब, हो साहेब" करत जे गिळायचो, ते सगळं आपण तिथे उभं राहून ओरडायचो आणि वारा ते पलीकडे घेऊन जायचा. (तू त्या दातांच्या डॉक्टरबद्दल जे ओरडायचास ते वहिनी पत्र वाचत असतील म्हणून लिहीत नाही.) एकट्याला आधी लाज वाटली. मग इकडेतिकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अहो पोस्टमास्तर, अकरा केसांसाठी अर्धा तास खुर्ची अडवता, लाज नाही वाटत?"

खडकामागून आवाज आला, "चौदा आहेत."

आपले निवृत्त पोस्टमास्तर! (तुझंच गिऱ्हाईक, जाताना तू माझ्या गळ्यात बांधलेलं. डाव्या कानावरचे केस उचलायचे, टकलावरून ओढत उजव्या कानापर्यंत पोचवायचे आणि वर "केस दाट झालेत हो" असंही आपणच म्हणायचं.) खडकाला टेकून बसले होते आणि ते वीतभर लांब केस एका बाजूला निशाणासारखे फडफडत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तोंडाने माफी मागवेना, म्हणून खिशातला कंगवा काढला, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि केस बसवायला लागलो. मी एक बसवावा, वाऱ्याने दोन उठवावेत. शेवटी त्यांनीच माझा हात धरला. म्हणाले, "राहू द्या हो. वारा सुटला की मी मुद्दाम इथे येतो. कुणी नसतं, तासभर त्यांना मोकळं सोडतो. खाली गेलं की आहेच परत. पंख्याखाली बसायचं नाही, बसच्या खिडकीशी बसायचं नाही. नात झोक्यावर बोलावते, तिलाही नाही म्हणायचं."

मग मीही खडकाला टेकून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, "तुमचे मोठे भाऊ काय म्हणायचे हो, माझ्या केसांबद्दल?" थाप मारायचं ठरवलं होतं मी. पण त्या जागी थापा मारायची आपल्याला सवय कुठे आहे? सांगून टाकलं, "म्हणायचे, डोक्याचा घाट फार सुरेख आहे, केस कापले तर माणूस रुबाबदार दिसेल. पण सांगायचं कुणी?"

ते ताडकन उठले. "चला. उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही."

शटर अर्धंच वर करून आम्ही चोरासारखे दुकानात शिरलो. इतकी वर्षं कात्री चालवतोय, पण ते चौदा केस मी एकेक करून, मोजून कापले. झाल्यावर ते आरशात बघत राहिले. "अरेच्चा," म्हणाले, "हे तर आमचे वडील!" आणि उठेचनात. मीही घाई केली नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "पंखा लावा हो जरा. मोठा."

वहिनींना नमस्कार, मुलाला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. हे या कानाचं त्या कानाला कळणार नाही, असा पोस्टमास्तरांना शब्द दिलाय. भावाला सांगितलेलं त्यात धरत नाहीत.

आणखी एक ता. क. तू गेल्यापासून माझे केस कापलेले नाहीत. आजवर तुझे मी कापले आणि माझे तू. दुसऱ्या कुणापुढे मान खाली घालायला जमत नाही. परवा बायकोने बांधायला रबर दिलं. गिऱ्हाइकं दारातून बघतात आणि आत यावं की नाही याचा विचार करतात. तेव्हा रविवारच्या सकाळच्या गाडीने ये. चार दिवस राहा. तुझेही वाढले असतीलच. (मुलाने कुठल्या भलत्या दुकानात नेलं असेल, तर मात्र मला सांगू नकोस.)