लाकूडखाऊ माशाची सोय

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती (आता बंद), ही माझी अखेरची व्यवस्था स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या मुलाकडे असा दाखला मागू नये, मिळणार नाही.

१. राहतं घर मुलाला, कारण त्याच्या आईची तशी इच्छा होती. माझी नव्हती, हे नोंदवून ठेवतो. खिळा ठोकायचा झाल्यास त्याने माणूस बोलवावा, नाहीतर भिंत जाईल.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. तिने बावीस वर्षं त्याला सहन केलं आहे.

३. माझा चिलखती मासा. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या नदीचा, वीतभर, अंगावर हाडाचं चिलखत, खाणं लाकूड. दिवसभर ओंडक्याच्या पोकळीत बसून असतो. मी तो आणला तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या जोडीला आणखी एक घुम्या!" पुढे ती गेली आणि आम्ही दोन घुमे उरलो.

गेल्या वर्षी मी इस्पितळात असताना मुलाने टाकीतला ओंडका काढून खालच्या सुताराला जाळायला दिला. वर मला फोनवर सांगतो, "बाबा, मासा कधीच मेलाय. नुसतं लाकूड सडत होतं." सहा वर्षं दर रविवारी हा गृहस्थ त्या टाकीसमोर बसून चहा ढोसत होता! मासा दिवसा लपतो हे मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

सुताराने करवत लावण्याआधी ओंडका उलटून पाहिला, तसाच बादलीत बुडवला आणि धावत इस्पितळात आला. "काका, लाकडाला डोळे आहेत हो!" मी ढसाढसा रडलो. बायको गेली तेव्हाही चारचौघांत रडलो नव्हतो.

म्हणून मासा, ओंडका आणि माझी सगळी हत्यारं त्या सुताराला. त्याने दुकानात नवी टाकी मांडून पाणी भरून ठेवलं आहे. मी गेल्यावर आधी मासा हलवावा, मग नातेवाइकांना कळवावं. मुलाने मदत करू नये.

४. जुनी टाकी मुलाला, रिकामी. त्याला ती तशीच दिसत आली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही). यांनी मासा दोनदा पाहिला आहे.

ठिकाण: राहतं घर, टाकीसमोरची खुर्ची
दिनांक: नऊ मार्च, रविवार. मुलगा येऊन, चहा घेऊन गेला.