गॅस बंद केला तो दिवस

आई, आज मुलुंडला दिवसभर रस्त्याने चालले. पाठीवर यंत्र आणि हातात दोन काठ्या, पावलागणिक जमिनीला टेकवायच्या. जमिनीखालच्या गॅसच्या पाइपवरचं आवरण कुठे फाटलंय ते असं चालूनच कळतं. आवरण फाटलं की ओल शिरते आणि पोलाद गंजायला लागतं. तू चाळीत सगळ्यांना सांगायचीस, "आमचा चेडू रस्त्याक सुयो टोचता," आणि मी, तुझी पोरगी, चिडले की पदर तोंडाला लावून हसायचीस.

दुपारी डबा उघडला आणि भांडुपची ती गल्ली आठवली, आपल्या चाळीच्या मागची. मी नोकरीत नवीन होते. खड्ड्यात उतरून तारेच्या ब्रशने पाइपवरचा गंज घासतेय, आणि खाली एक खाच लागते, नखभर खोल. उरलेली जाडी मोजते, पुन्हा मोजते, आकडा तोच, फारच कमी. गॅस गळत नव्हता, पण कधी गळेल ते सांगता येत नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, मॅडम, आता पट्टी गुंडाळू, उद्या बघू. साहेब फोन उचलत नव्हते. समोरच्या घरात हळद होती, गावाहून माणसं आलेली, आणि नवरीची आई खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहून मला बजावत होती की आज गॅस बंद केलास तर याद राख.

तेवढ्यात तू डबा घेऊन आलीस. जमलेल्या बायकांमधून वाट काढून खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसलीस, माझं तोंड बघितलंस.

"तुका भय वाटता?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मगे बंद कर. जेवणाचा मी बघतंय."

मी व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. तू नवरीच्या आईला हाताला धरून आपल्या चाळीत घेऊन गेलीस. आपल्याकडे पाइपचा गॅस आलाच नव्हता, घरोघरी सिलिंडर. एकीकडे भात चढला, एकीकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि वडे तू स्वतः तळलेस. संध्याकाळी तीच बाई माझ्यासाठी ताट घेऊन खड्ड्यापाशी आली. मी खाईपर्यंत उभी राहिली. पाइपचा कापून काढलेला तुकडा साहेबांनी नंतर उजेडात धरला आणि खाचेवरून अंगठा फिरवून, बंद केलंस ते बरं केलंस, म्हणाले.

आता नवी मुलं माझ्या हाताखाली शिकतात. त्यांना मी हा किस्सा सांगते, आणि त्यात तू फक्त वडे तळतेस. आकडा बघितला आणि बंद केलं, असं मी म्हणते. मुलं वहीत लिहून घेतात.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुला सांगते. तू त्या दिवशी आली नसतीस तर मी काय केलं असतं, ते मला अजून ठाऊक नाही.