दुकान वाढवलं

अण्णा, तुमचं दुकान मी वाढवलं. कर्जतच्या बाजारपेठेतलं, बांगड्या, रिबिनी, टिकल्या आणि खोट्या दागिन्यांचं, लोक ज्याला कटलरी म्हणतात ते. बंद केलं असं लिहीत नाही, कारण तो शब्द तुम्ही आम्हाला कधी उच्चारू दिला नाहीत. लहानपणी माझ्या हातून एकदा काचेची बांगडी पडली आणि मी ओरडले, फुटली. तुम्ही हातातलं काम टाकून आलात. मारलं नाहीत, पण आवाज असा खाली आणलात की मार परवडला असता. "फुटली नाय म्हणायचं, बाय. वाढली म्हणायचं. समोर सवाष्ण उभी हाय, दिसत नाय?" तेव्हापासून आपल्याकडे बांगडी वाढायची, नारळ वाढवायचा, रात्री दुकान वाढवायचं. आमच्या घरात कधी काही फुटलं नाही की बंद पडलं नाही, सगळं आपलं वाढतच गेलं.

पण बांगड्या म्हणजे तुमच्या लेखी पोटापाण्याचा धंदा. जीव सगळा फॅन्सी मालात. नवा सिनेमा टॉकीजला लागला की तुम्ही पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत, आणि नजर हिरॉइनच्या कानांवर. आई सगळ्यांना सांगायची, "हिरो मेला तरी यांना पत्ता नाय. बाहेर आल्यावर मला विचारतात, ती रडत का होती?" घरी आलात की चहाही न घेता तारेचा तुकडा वाकवून बसायचात. कानातलं झुंबर लोंबतं किती, खाली मोती एक की तीन, गाण्यात मान वळवल्यावर हलतं कसं. तो वाकडातिकडा नमुना घेऊन मुंबईला कारागिराकडे जायचात, आणि भातकापणी उरकून बायका बाजाराला येईपर्यंत माल दुकानात. "अण्णा, ती शेवटच्या गान्यात घालते ती हायत का?" अशी एखादी विचारायची. तुम्ही आरसा तिच्यासमोर धरायचात. "मान जरा वाकडी कर. झुंबर मानेनं घालायचं, कानानं नाय." ती लाजायची, बरोबरच्या दोघी हसायच्या, आणि तिघीही घेऊन जायच्या.

प्रत्येक नव्या नमुन्याचा पहिला जोड आईच्या कानात. तिला तुम्ही काउंटरपाशी उभी करायचात, अंगावर घरचं साधं पातळ आणि कानात सिनेमातली झुंबरं. ती वैतागायची. "मला काय बाहुली समजलात?" पण झुंबरं काढायची नाही, संध्याकाळी त्याच कानांनी भाकऱ्या थापायची. मी ओट्याशी बसून बघायचे. भाकरी परतताना झुंबराचा मोती तिच्या गालावर आपटतोय, हे मला आत्ताही दिसतं, आणि तुम्ही दारातून म्हणताय, "बग, हिरॉइनला जमेल का असं?"

तुम्ही गेलात त्या दिवशी एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं आईला सांगितलं, "वाढव गं बांगड्या आता." शब्द तुमचाच. रोज रात्री शटर ओढताना वापरायचात तोच. मी तिथेच उभी होते आणि मला रडू आलं नाही. मी एवढंच ऐकत राहिले की ही बाईसुद्धा फोडा म्हणत नाहीये. आईनं बांगड्या वाढवल्या, मग कुणी न सांगता कानातली झुंबरंही काढली आणि कापसात गुंडाळून एका डब्यात, दुकानाच्या खालच्या खणात ठेवली. पुन्हा घातली नाहीत. तीही गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पण तुम्ही गेलात त्या दिवसापासून माझ्या आत कुठेतरी कुणीतरी बोळा कोंबून ठेवल्यासारखं आहे. त्याचा त्रास होतो असंही नाही.

आता गिऱ्हाईक मोबाइलवर मागवतं, माझे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत आणि गाळेमालकाला गाळा हवाय. तेवढ्यात एका मुलीचा फोन आला. खालापूरच्या बाजूला शूटिंग चालू आहे, जुन्या काळचा सिनेमा आहे, तिला नटीसाठी त्या काळचे दागिने हवेत. शिवाय ती स्वतःही असे दागिने जमवते. पडून राहिलेल्या मालाला हल्ली व्हिंटेज म्हणतात, अण्णा. तुम्ही असतात तर पाटीच लावली असतीत. मी तिला म्हटलं, "या, मी दुकान वाढवतेच आहे." ती म्हणाली, "अरे वा, अभिनंदन! शेजारचा गाळा पण घेतला का?" मराठीच मुलगी. काय सांगणार होते तिला? मी हो म्हटलं.

ती आली आणि फरशीवर फतकल मारून बसली. काळ्या कापडावर एकेक डूल मांडून फोटो काढले, हरखून गेली. "ओरिजिनल आहे ना हे सगळं?" मी म्हटलं, "ओरिजिनल खोटं आहे." ती मनापासून हसली. मग खालचा खण तिनंच उघडला. कापूस पिवळा पडला होता, झुंबरं तशीच. ती तुमच्या आरशासमोर उभी राहिली, ती कानात घातली आणि कुणी सांगितलं नसताना मान जरा वाकडी केली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. आता मी नको म्हणेन, रडू येईल. मी वाट बघितली. बाहेर टेंपो मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती. "ताई, ही पण द्याल ना?" मी म्हटलं, "ने." नवा कापूस काढून गुंडाळूनही दिली. बांगड्यांसकट सगळा माल भरून गाडीत बसताना ती म्हणाली, "मोठं दुकान झालं की बोलवा हं." बोलावते म्हटलं.

काल संध्याकाळी शटर ओढलं. तेव्हा समोरच्या चपलांच्या दुकानातले काका नेहमीसारखे म्हणाले, "वाढवलंस का गं?"

"वाढवलं, काका."

"उद्या जरा लवकर ये. पान्याची मोटर बगायला मानूस येनार हाय."

"येते," म्हटलं. त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. रोज रात्रीचा आणि कायमचा, दोन्हींना तुम्ही एकच शब्द ठेवून गेलात. मला वाटायचं तुम्ही तो सवाष्णींसाठी जपलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. झुंबरांच्या रिकाम्या डब्यात घडी करून ठेवीन. गाळ्याची किल्ली मालकाला द्यायचीय, तो दोनदा विचारून गेला. पण आज सकाळी मी लवकर गेले, शटर वर केलं, रिकाम्या फळ्या पुसल्या आणि गल्ल्यावर बसले. आडगावची एक बाई लेकीला घेऊन आली. "झुंबरं हायत का वो?" मी तिच्या लेकीच्या कानांकडे बघितलं, आणि अण्णा, मी म्हटलं, "संपलीत. माल यायचा हाय. पुढच्या बाजाराला या."