दुधावर देखरेख

३ फेब्रुवारी
आजपासून रागवायचे नाही, असा संकल्प. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे. मुळात मी शांतच आहे.
जेवणाच्या टेबलावर पुन्हा हिची मंडळी. दोन नर्सा, एक शिवणकामवाली आणि वकीलबाई. तेवीस देशांतल्या बायकांच्या संघटनांनी मिळून जागतिक परिषदेच्या ठरावात एक वाक्य घालायचे आहे: घरातले बिनपगारी काम प्रत्येक सरकारने मोजावे. एका वाक्याला तीन वर्षे. मी वर्गात एका तासात दोन कविता संपवत असे, अलंकारांसकट.
मला चहा शेवटी मिळाला. गार.

५ फेब्रुवारी
परिषदेला ही जाणार. अकरा दिवस. मला विचारले नाही, सांगितले. म्हटले, माझे काय? म्हणाली, तुमचे काय व्हायचंय, घर तर तुम्हीच चालवता ना, सगळ्यांना सांगत असता. टोमणा होता. दुर्लक्ष केले. दुपारपर्यंत दुर्लक्षच करत बसलो होतो.

८ फेब्रुवारी
नवा जाच. पुरावा म्हणून घरोघरी तक्ते भरायचे, दर अर्ध्या तासाला काय केले त्याचे. बाईचा एक, पुरुषाचा एक. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचणार.
ठरले. असा तक्ता भरतो की त्यांचे वाक्यच कोसळेल. वाक्य नाही तर परिषद नाही, आणि ही घरी.

९ फेब्रुवारी
तक्ता पूर्ण. अत्यंत प्रामाणिक.
६:०० दुधावर देखरेख.
६:३० दूध उतू जाताना पाहिले. हिला ताबडतोब कळवले.
८:०० भाजी चिरण्याबाबत मार्गदर्शन.
११:०० ही कपडे धूत असताना तिच्या सोबतीसाठी काव्यवाचन, शार्दूलविक्रीडित.
४:०० पाहुण्यांचे स्वागत. चहा टाकायला सांगितला.
एकूण साडेअकरा तास. हिचे चौदा. म्हणजे जवळजवळ बरोबरीच.

१२ फेब्रुवारी
वकीलबाईंनी तक्ता दोनदा वाचला. चष्मा काढून डोळे पुसले. हादरल्या असणार. म्हणाल्या, सर, हा आम्हाला हवाच, नाव वगळू, सही करा.
म्हटले, मग अहवालाच्या सुरुवातीला माझी 'स्त्रीशक्तीस' घ्या. बावीसच कडवी आहेत. म्हणाल्या, जागा नाही. ही बाई माझीच विद्यार्थिनी, खिडकीजवळचा तिसरा बाक. कविता पाठ नव्हती म्हणून एकदा तासभर उभी केली होती. अजून डूख धरून आहे. काय दिवस होते ते; सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा.
सही केली. पण रागाने केली.

१ मार्च
ही गेली. वकीलबाईही गेल्या. वाक्य कसले कोसळते? जाताना म्हणाली, साखर दुसऱ्या डब्यात आहे. पहिला डबा कुठला, ते सांगायची पद्धत नाही या घरात.

२ मार्च
पाचला उठून स्वयंपाक करण्याचा संकल्प. सव्वाआठला उठलो. बिस्किटे.

९ मार्च
मुलगी आली. म्हणाली, बाबा, आधी बसा. मोबाइलवर परिषद दाखवली.
एका देशाचे प्रतिनिधी अडून बसलेले. म्हणे, आमच्याकडे पुरुषही घरात तेवढेच राबतात, मोजायचे काय? संघटनांना बोलायला तीन मिनिटे होती. ही उठली. म्हणाली, ठीक आहे, पुरुषाचाच तक्ता ऐकू.
माझा तक्ता. सहा भाषांत. 'उतू जाताना पाहिले' ला सभागृह हसले. दुभाष्याचाही आवाज हलला.
मग हिने स्वतःचा वाचला. तोच दिवस, त्याच वेळा. साडेसहा: सांडलेले दूध पुसले. अकरा: ओल्या चादरी पिळल्या, खांदा दुखतो. कोणी हसले नाही. प्रतिनिधींनी हरकत मागे घेतली. वाक्य ठरावात गेले.
मुलीने विचारले, रागावलात? म्हटले, मी शांत आहे. चाळीस वर्षे कविता लिहिल्या. गावाबाहेर एक गेली नाही. आणि जगभर गेले काय, तर दूध.
खांद्याचे मला कोणी सांगितले नव्हते.

१० मार्च, सकाळी ६:३०
दूध उतू जाताना पाहिले. कळवायला कोणी नाही. फडके शोधण्यात वीस मिनिटे. पुसले. गॅसखालचे निघत नाही.
सोबतीला म्हणून शार्दूलविक्रीडित सुरू केले. दुसऱ्या ओळीलाच दम लागला.