हात लावू नका

रविवार, ९ जून

ताई, नमस्कार.

इकडे सगळे मजेत. तुझ्या भाचीचा दात पडला, तो ती सगळ्या गल्लीला दाखवत फिरतेय. तू म्हणशील, काल फोनवर बोललो आणि आज पत्र कसलं? अगं, फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू माझं कौतुक सुरू करतेस, मग माझी दातखीळ बसते.

भाऊजी आता शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजावरून भांडतात हे ऐकून आधी हसलोच. असा गरीब माणूस! वीज पडल्यावर छातीवर उठलेली ती फांद्यांसारखी लाल नक्षी दोन दिवसांत गेली, तेव्हा वाटलं होतं, सुटलो. कानाचा फाटलेला पडदाही भरून येईल म्हणतात. पण मग तू म्हणालीस, की ते नळ दुरुस्त करायला बसले आणि पाना हातात घेऊन तुलाच विचारलं, "मी काय करत होतो गं?" वीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. म्हणून आज हा कागद घेऊन बसलो.

सांगूनच टाकतो.

त्या दुपारी भाऊजी गच्चीवर टाकीला पाइप जोडत होते, मी जिन्यात विजेचा बोर्ड बसवत होतो. पाऊस नव्हता, नुसतं गडगडत होतं. "एवढा एक जोड करून उतरतो," म्हणाले. कानठळ्या बसल्या, वर धावलो, तर ते उताणे पडलेले, एक बूट फाटून लांब उडालेला. श्वास नाही. खाली भिंती रंगवणारा रंगारी माझ्या मागोमाग आला होता, तो त्यांच्याकडे झेपावला आणि मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. "हात लावू नका! अंगात करंट असेल!" आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच, आधी मेन बंद, मग माणूस. मी खाली पळालो, मेन पाडला, लाकडी फळी शोधली, पुन्हा वर आलो. फळीने ढकलून पाहिलं, ताई. भाऊजींना. शेवटी रंगारी मला शिव्या घालत पुढे झाला आणि छाती दाबू लागला. चार मिनिटं तरी गेली. जास्तच असतील.

दवाखान्यात हे शहाणपण मी नर्सला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "अहो, वीज पडते आणि निघून जाते. माणसाच्या अंगात काही उरत नाही. लगेच हात लावायचा असतो." पाठोपाठ डॉक्टर आले. श्वास किती वेळ बंद होता, विचारलं. तू शेजारी उभी होतीस. मी म्हटलं, "लगेच दाबायला लागलो." रंगाऱ्याचा उल्लेखही केला नाही.

हे विसरणं विजेमुळे की त्या चार मिनिटांमुळे, मला कळत नाही. डॉक्टरांना कळेल कदाचित, पण त्यांच्या कागदावर माझं खोटं आहे आणि त्यावरच औषधं चाललीत. सांगितलं तर तू माझ्यापासून तुटशील, नाही सांगितलं तर भाऊजींचं काय होईल? मला फार भीती वाटते गं.

गुरुवारी तुमची तपासणी आहे. दहा वाजता मी दवाखान्याच्या दाराशी उभा असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण डॉक्टरांपर्यंत जाऊ दे. भाऊजींना मात्र तू सांगू नकोस. ते मीच सांगेन, आणि जितक्या वेळा ते विसरतील तितक्या वेळा सांगेन.

अजून तरी तुझा,
धाकटा