हरभऱ्यात भिजलेले साहेब

कुरुंदा,
२० डिसेंबर २००३

विश्वंभरराव पाव्हणे यांस,
संतरामचा मनापासून रामराम. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल, अशी आशा. तुमची बहीण गोजर ठणठणीत आहे. (मला बोलते आहे, त्यावरून ओळखतो.)

पत्रास कारण, आपल्या तुषार संचाची तपासणी एकदाची पार पडली. तुम्हाला ठाऊकच आहे, संच आधी आपण घ्यायचा, मग कृषी खात्याच्या साहेबांनी तोंट्या फिरताना डोळ्यांनी बघायच्या, आणि मग अनुदान. नियम चांगला आहे. फक्त साहेब दिवसा येतात आणि आमच्याकडे विजेची लाईन बहुतेक रात्रीच येते. (या दोघांची गाठ घालण्यापेक्षा सोयरीक जमवणं सोपं.) दोनदा साहेब नुसते पाइप बघून परत गेले. आता तिसऱ्यांदा गेले असते तर यंदाचं अनुदान बुडालं असतं.

मंगळवारी आले. म्हणाले, "चालू करून दाखवा."

"लाईन न्हाई ना, साहेब."

"मग मी काय लिहू? संच झोपलेला आढळला?"

तेवढ्यात गोजर भाकरीचं टोपलं घेऊन आली. "काहून घाई करून राहिले, साहेब? दोन घास खा. तवर येईल लाईन."

भला माणूस, बसला. भाकरी, हरभऱ्याची कोवळी भाजी आणि वर ठेचा. थंडीचं ऊन, पोट भरलेलं. साहेब हरभऱ्यातच पोतं अंथरून कलंडले. उठवायचं कसं? मीही बांधावर टेकलो. मोटार आटोवर टाकलेली होती, म्हणजे लाईन आली की आपोआप सुरू. हे साहेबांना सांगायचं राहिलं.

आणि नवल म्हणजे, लाईन दिवसाउजेडीच आली. सगळ्या तोंट्या एकदम फटफट फिरायला लागल्या. साहेब दचकून उठले आणि पळाले, पण उलट्या दिशेने, रानाच्या मधोमध. एका तोंटीच्या फवाऱ्यातून सुटले की दुसरी गाठायची. म्हटलं, गेलं अनुदान. मोटार बंद करायला धावलो, तर साहेब तिथूनच ओरडले, "बंद करू नका! मोजू द्या!"

आणि त्या माणसाने डोळ्यांवरचं पाणी पुसत एकेक तोंटी मोजली. गोजरने त्यांना घरी नेऊन चुलीपुढे बसवलं, चहा पाजला, कोरडे कपडे दिले. कुडकुडत त्यांनी शेरा लिहिला : 'संच उत्तम चालतो. पाणी सर्वत्र पोहोचते.'

घरात सर्वांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
संतराम

ता. क. : ते कोरडे कपडे म्हणजे तुमच्या लेकीच्या, रागिणीच्या लग्नासाठी तुम्ही इथल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला आणि न्यायचा राहिलेला सफारी. गोजरने आधी माझं धोतर पुढे केलं होतं, पण साहेबांना नेसता येईना. सफारी मात्र अंगाला बराबर बसला.

ता. क. दुसरा : साहेब तुमच्या वसमतलाच राहतात. बाजारात सफारी घालून दिसले तर कृपा करून ओळख दाखवू नका, साहेबांनाही आणि सफारीलाही. अनुदान जमा झालं की मी स्वतः जाऊन सफारी परत मागतो. लग्न त्याच्या आधी आलंच, तर गोजर म्हणते, दादाला धोतरच शोभून दिसतं.