आदेशाचा रकाना

५ ऑगस्ट
दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या खुर्चीच्या पाच चाकांपैकी एक निवर्तलं. बावीस वर्षं या कॉलेजात शिकवतोय, इतकं निष्ठावंत इथे दुसरं कोणी नव्हतं. नव्या चाकासाठी अर्ज दिला. उत्तर तासाभरात आलं – तीन दरपत्रकं जोडा. एका चाकाची तीन दरपत्रकं! सांगलीत सुटं चाक विकणारे तिघे सापडेपर्यंत मी डावीकडे कलून बसायचं. पोरांना वाटेल, सरांचे विचार बदलले.

६ ऑगस्ट
सकाळी येतो तो खुर्ची सरळ. दादासोंनी कुठून तरी चाक आणून बसवलं. "कुठून आणलंत?" तर म्हणे, "बसा की सर. चाकावर काय नाव लिवल्यालं असतंय व्हय?"
दादासो आमच्या संगणक प्रयोगशाळेचे सहायक. म्हसवडचे. एकोणीस वर्षं कंत्राटावर. कायम करण्याचा प्रस्ताव या महिन्याच्या बैठकीत आहे. घरी त्यांनी अजून सांगितलेलं नाही. "कागद हातात आला की मग सांगतो."

९ ऑगस्ट
नोटीस आली. आकडेमोडीचं आणि सिम्युलेशनचं जे महागडं सॉफ्टवेअर अभ्यासक्रमात नावानिशी छापलंय, ते आमच्या बत्तीस संगणकांवर विनापरवाना आहे. म्हणजे चोरीचं. कंपनीला कळलं कसं, यावर स्टाफरूममध्ये दिवसभर संशोधन. इतकं मनापासून संशोधन या कॉलेजात प्रथमच.

खरं काय ते इथे लिहितो. सहा वर्षांपूर्वी मी प्रस्ताव दिला होता – ऑक्टेव्ह घ्या, सायलॅब घ्या. तेच काम करतात, बाहेरची विद्यापीठं वापरतात, मोफत आहेत, आणि मॅट्रिक्सचा गुणाकार फुकटात केला म्हणून उत्तर बदलत नाही. खरेदी समितीने परत पाठवला : तीन दरपत्रकं नाहीत. शून्य रुपयांचं दरपत्रक कोण देणार? पुढच्या वर्षी पुन्हा दिला. शेरा आला – 'सर्वांत कमी दर कोणाचा ते स्पष्ट करावे.' त्यावर मी एका दिवाळी अंकात खुसखुशीत लेख लिहिला. लोक हसले. मीही हसलो.
मग तपासणीला बाहेरची समिती यायची झाली, तेव्हा दादासोंना म्हणालो, "ते महागडंच बसवा कुठून तरी. मला काही सांगू नका."
त्यांनी बसवलं. मला काही सांगितलं नाही.

१३ ऑगस्ट
चौकशी समिती नेमली. तिघांची. विषयतज्ज्ञ म्हणून मी.

१६ ऑगस्ट
चौकशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये. आमच्या विभागप्रमुख संयोगिता मॅडम विचारत होत्या.
"दादासो, बसवलं कोणी?"
"मी."
"सांगितलं कोणी?"
मी समोरच्या पाण्याच्या ग्लासचा सखोल अभ्यास करत होतो.
"कुनी न्हाई, मॅडम. माझं मलाच वाटलं. पोरांची प्रॅक्टिकलं अडाय नकोत."
"प्रयोगशाळेच्या नोंदवहीत काय आहे?" प्राचार्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ती कोण बघतं सर? कबूल करतायत ना ते."
अहवालावर तीन सह्या. तिसरी माझी. पेन चांगलं चाललं.

बाहेर व्हरांड्यात त्यांना गाठलं. "दादासो, मी –"
"आवं सर, ऱ्हाऊ द्या. तुमची नोकरी लय वर्साची. माझं कंत्राटच हाय."
कंत्राटच होतं. मोडायला तीन ओळी पुरल्या. दरपत्रकं लागली नाहीत.

१९ ऑगस्ट
प्राचार्यांचा हुकूम – चोवीस तासांत मोफतवालं बसवा. मी विचारलं, "दरपत्रकं?" तर म्हणाले, "आता कसली दरपत्रकं, सर?" सहा वर्षं जे अडलं ते एका सहीत झालं.
बसवलं दादासोंनीच. आज त्यांचा शेवटचा दिवस. बत्तीसच्या बत्तीस संगणकांवर. अभ्यासक्रमातले बाराही प्रयोग चालवून बघितले. "सगळी चालत्यात सर. दोन ठिकानी कमांडचं नाव तेवढं बदलाय लागतंय. भितीवर कागद चिकटवलाय, पोरं चुकायची न्हाईत."
चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हसवडच्या गाडीला गेले. घरी काय सांगणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२० ऑगस्ट
प्रयोगशाळेत दादासोंची खुर्ची. चार चाकं. पाचव्याच्या जागी विटेचा तुकडा.

त्यानंतर नोंदवही काढली. उगाच मोठेपणा नको – माझं नाव त्यात आहे का, हे बघायलाच काढली. दादासो सगळं लिहीत. तारीख, काम, आणि शेवटी एक रकाना : 'आदेश'. माऊस बदलला – सर. पंखा दुरुस्त – मॅडम. पडदे धुतले – प्राचार्य. पडद्यांनासुद्धा आदेश लागतो.
ती नोंद सापडली. '३२ संगणक, सॉफ्टवेअर बसवले.' पुढचा रकाना कोरा.
अख्ख्या वहीत तेवढा एकच.

२१ ऑगस्ट
कोऱ्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली सही, आजची तारीख. पानाची झेरॉक्स आणि अहवालावरची माझी सही खरं लपवून केली होती असं पत्र, दोन्ही प्राचार्यांच्या कार्यालयात दिलं. आवकचा शिक्का मारून घेतला. एक प्रत पोस्टाने म्हसवडला.
मग माझी खुर्ची उलटी केली. चाक काढून दादासोंच्या खुर्चीला बसवलं.